वरल्या गल्लीचे दिवे

निंबळग्याच्या वरल्या गल्लीत भर दुपारी खांबावरचे दिवे लख्ख जळत होते आणि त्यांच्याखाली ओट्यावर बसून कमलबाई ज्वारी पाखडत होत्या. सूर्य डोक्यावर, वर पांढरेफटक दिवे, आणि त्यातल्या एका दिव्यावर चिमणी आरामात बसलेली. सुपातला दाणा न् दाणा उन्हातच दिसत होता. त्या दिव्यांचा उपयोग झालाच तर चिमणीला ऊब देण्यापुरता होता. संध्याकाळ झाली की हेच दिवे मेल्यासारखे गप्प व्हायचे आणि सारी गल्ली आपापल्या उंबऱ्याशी ठेचकाळायची. असला कारभार एखाद्या राजानं केला असता तर लोकांनी त्याला खुळा म्हणून कोंडून ठेवलं असतं. पण पंचायतीला खुळी कोण म्हणणार? पंचायतीला म्हणायचं असतं, साहेब, जरा बघा की.

या दिव्यांशी कमलबाईंचं नातं जुनं. मादन हिप्परग्याहून त्या लग्न होऊन निंबळग्यात आल्या, तेव्हा आप्पारावांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, घराला खेटूनच विजेचा खांब उभा राहिला होता. गल्लीतल्या सगळ्या दिव्यांचं एकच बटण एका पत्र्याच्या डबीत, यांच्याच भिंतीवर बसवलेलं होतं. ते कुणी दाबायचं हे कुठं ठरलेलं नव्हतं. भिंत ज्याची, काम त्याचं, आणि घरात ज्या कामाला धनी नाही ते सुनेचं. असं ते कमलबाईंच्या वाट्याला आलं. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावायचा, तुळशीपाशी पणती ठेवायची, पदर सारखा करून बाहेर यायचं आणि बटण दाबायचं. दिवे लागले की ओट्यावरची म्हातारी माणसं, धारा काढायला निघालेल्या बाया, चेंडू हातात घेतलेली पोरं, सगळी खांबाकडं बघून हात जोडायची. देवाचा दिवा काय नि सरकारचा काय, दिवेलागणीला उजेड दिसला की हात जुळतात. सकाळी सडा टाकायच्या आधी बटण बंद व्हायचं.

सासूबाई वारल्या त्या संध्याकाळीसुद्धा कमलबाई रडता रडता उठल्या, बटण दाबून आल्या आणि परत रडायला बसल्या. माहेरी मुक्काम ठरला तर आधी शेजारणीला बटणाची आठवण करायची, मग पिशवी भरायची. याबद्दल कुणी त्यांना सुपारीचं खांडही दिलं नाही आणि त्यांनीही कधी अपेक्षा केली नाही. गल्लीत "कमलबाईनं लाइट लावली का?" असं विचारलं तर त्याचा अर्थ, वेळ काय झाली, एवढाच असायचा. आपण गावाचं काही काम करतो असं त्यांच्या मनातही येत नसे. भाकरी थापावी तसं ते होतं, रोजचं आणि बिनबोभाट.

मग हावगेप्पा पंचायतीत मेंबर झाला. राहायला तो खालच्या गल्लीत, पण मतं त्याला वरल्या गल्लीची पडली होती, म्हणून नवे दिवे आधी वरल्या गल्लीला आणि खालच्या गल्लीला पुढच्या वेळी, असं ठरलं. दिवे पांढरे, आपोआप लागणारे, आपोआप विझणारे. कलबुर्गीच्या कुण्या ठेकेदाराची माणसं आली, खांबावर एक लोखंडी डबा चढला, डब्याला कुलूप लागलं. जत्रेच्या तोंडावर हार घालून कार्यक्रमही झाला. आता कमलक्काला रोजचा त्रास नाही, असं हावगेप्पानं भाषणात सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुनं बटण एका पोरसवद्या कामगारानं भिंतीवरून उपसून काढलं. कमलबाईंना ते बघवलं नाही, पण पाहुण्यांचा मान म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा केला, नव्या डब्याला हळदकुंकू लावलं आणि खांबापाशी नारळ फोडला. आपलं बटण आपल्या हातानं देऊन वर नारळ फोडला, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्या पुढं स्वतःलाच पुष्कळदा म्हणाल्या.

डब्यात एक घड्याळ होतं. संध्याकाळी ते दिवे लावायचं, पहाटे बंद करायचं. पण ते घड्याळ विजेवर चालणारं होतं, आणि निंबळग्याची वीज कशी असते हे ठेकेदाराला कुणी विचारलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं. वीज गेली की घड्याळ जागच्या जागी थांबायचं, आली की तिथून पुढं चालू व्हायचं. उन्हाळ्यात दिवे थोडे उशिरा लागू लागले. पावसाळ्यात तारांवर फांद्या पडायला लागल्या आणि वीज अर्धा अर्धा दिवस गायब व्हायला लागली, तसे दिवे जेवणानंतर, मग निजानीज झाल्यावर, मग कोंबडा आरवल्यावर लागायला लागले. दिवाळीच्या सुमाराला ते सकाळी सडा टाकताना लागायचे आणि दिवस मावळायला आला की विझायचे. पाऊस सरला, वीज बऱ्यापैकी टिकू लागली, आणि घड्याळ जेवढं मागं पडलं होतं तिथंच ठाण मांडून बसलं. हात जोडायची सवय एवढी जुनी, की शेजारची सावित्रम्मा न्याहारी करता करता दिवे लागलेले बघून हात जोडायची आणि मग जीभ चावायची.

गल्लीचा राग कुणावर निघावा? ठेकेदार कलबुर्गीत, साहेब ऑफिसात, मेंबर खालच्या गल्लीत. खांबापाशी राहतात त्या कमलबाई. जो तो त्यांच्या ओट्याशी येऊन विचारायचा, काकू, लाइट कामून लावली न्हाई? बटण गेलंय, भिंतीला नुसती भोकं उरलीत, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी विचारायचे. पहिल्या पहिल्यांदा कमलबाईंना हसू यायचं. नंतर त्यांना एवढा संताप यायला लागला की त्या संध्याकाळी ओट्यावर बसायच्याच बंद झाल्या. बटण काढलं त्या दिवशी टाळ्या वाजवणारे हेच होते, आणि आज जाब विचारणारेही हेच, आणि तोही कुणाला, तर जिच्या हातात काही उरलेलंच नाही तिला.

हे सगळंही त्यांनी पोटात घातलं असतं. बालपण कंदिलात काढलेलं माणूस अंधाराला भीत नाही. पण घरात स्नेहा होती.

स्नेहा म्हणजे मुलाची, माउलीची थोरली मुलगी. कल्याणच्या कॉलेजात, म्हणजे बसवकल्याणला, विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रयोगाचे तास दुपारनंतर असायचे. ते आटपून ती बसनं यायची, आणि बस गावच्या फाट्यावर सोडायची तेव्हा थंडीच्या दिवसांत अंधार पडून गेलेला असायचा. फाट्यापासून घर फार लांब नाही, पण मधली वाट म्हणजे वरली गल्लीच. एका बाजूला पडकी भिंत, दुसऱ्या बाजूला उघडी नाली, वळणावर नालीवरची फरशी फुटलेली. दिवे असताना त्या वाटेनं सारं गाव गप्पा मारत जायचं. दिवे गेल्यावर पडक्या भिंतीशी गाड्या लावून बसणारी टवाळ पोरं जमायला लागली, आणि त्यांना अंधार फार मानवला.

कमलबाई हातात बॅटरी घेऊन नातीला आणायला फाट्यावर जायला लागल्या. म्हातारी सोबत असली की पोरं नुसती खाकरायची. मग एका संध्याकाळी गाडीचा दिवा बंद करून दोघं जण मागून आले आणि एवढ्या जवळून गेले की स्नेहाची ओढणी हँडलला अडकून टरकन फाटली. कमलबाई नालीच्या कडेला गुडघ्यावर आपटल्या. पुढं जाऊन ती पोरं हसली. कोण होती ते दिसलं नाही, कारण दिसायला उजेड लागतो.

माउली तापट नव्हता, पण त्या दिवशी त्यानं जेवणाचं ताट सरकवलं. पोरीच्या अंगावर कुणी हात टाकेपर्यंत दिव्याची वाट बघायची का, म्हणाला. संध्याकाळी शेताला पाणी द्यायचं सोडून रोज फाट्यावर जाणं त्याला जमणार नव्हतं. बायको काही बोलायला गेली तर तिलाही त्यानं गप्प केलं. शेवटी एवढंच म्हणाला, "लाइट येईपतूर कॉलेज बंद. तू आन् तुझी आजी, दोघी बी घरात बसा." वर उदगीरच्या पाहुण्यांचं त्यानं पुन्हा नाव काढलं. पोरगी घरातच असली तर त्यांना एकदा बघून जाऊ दे, असं त्याचं म्हणणं. स्नेहानं कॉलेजची पिशवी खुंटीला अडकवली आणि भांडी घासायला गेली. कमलबाईंना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. या पोरीनं शिकावं म्हणून लेकाशी भांडण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या खेटे घालायला लागल्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे त्यांना ठाऊक होतं, पण सहा महिने थांबायला स्नेहाकडं वेळ नव्हता.

गाव कर्नाटकातलं, म्हणून पंचायतीत साहेबांनी त्यांना अर्ज कानडीत आणायला सांगितला. स्नेहानं उत्तम कानडीत लिहून दिला. मग साहेब म्हणाले की दिव्यांची हमी ठेकेदाराची आहे, डब्याची किल्लीही त्याच्याकडंच, पंचायतीनं हात लावला तर हमी जाते. मग ठेकेदाराला बोलवा, म्हटलं तर "नोडोण अक्का", म्हणजे बघूया. कानडीतलं नोडोण काय आणि मराठीतलं बघूया काय, ऑफिसात दोन्हींचा अर्थ, आता उठा, असाच असतो. विजेच्या ऑफिसात गेल्या तर तिथल्यांनी खांब आमचा, दिवा पंचायतीचा, असं सांगून हात झटकले. खांबाला दिवा लटकतोय आणि दोघांचे धनी वेगळे! ठेकेदाराला फोन लावला तर तो कलबुर्गीत बसून माणूस पाठवतो म्हणायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. माणूस काही येत नव्हता.

लाइनमन गुरुपादय्या तेवढा सरळ बोलला. दुसऱ्या खांबावरचं काम उरकून तो खाली उतरला, घाम पुसत डब्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काकू, आत चाक हाय. ते हातानं फिरवून वेळ बरोबर लावायचा, बस्स. चहा पिऊन होईपतूर व्हतंय. पर कुलूप मी तोडलो तर माझ्यावर केस." कमलबाईंनी मान वर करून कुलपाकडं बघितलं. त्यांनीच लावलेलं कुंकू अजून त्याच्या कडेला चिकटून होतं. एवढंसं काम. एका चाकाला हात लावायचा, आणि त्या हातासाठी एका पोरीचं कॉलेज खुंटीला टांगलेलं. त्या दिवशी त्या घरी येईपर्यंत स्वतःशीच मोठमोठ्यानं बोलत आल्या आणि वाटेत लोक बघत होते तरी थांबल्या नाहीत.

हावगेप्पा त्यांना चावडीपुढं भेटला. चार माणसांत बसून तंबाखू मळत होता. त्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग हसत म्हणाला, "कमलक्का, घड्याळ फिरत फिरत सकाळपतूर आलं का न्हाई? पुढच्या पावसाळ्यात आजून फिरंल आन् आपल्या जागेला येईल. कामून घाई करायलीस?" चारी माणसं हसली. त्यातला एक कमलबाईंचा चुलत दीर होता, तोही हसला. हसायला काय, ज्याचं जळतं त्याला कळतं. त्याच्या पोरी लग्न होऊन कधीच्या गेल्या होत्या. कमलबाई तडक वळल्या.

संक्रांतीला काही दिवस उरले असताना स्नेहाच्या मैत्रिणीचा निरोप आला. हजेरी फार कमी पडतेय, आता लगेच आली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. स्नेहानं तो निरोप आजीला सांगितला, बापाला सांगितलाच नाही. त्या संध्याकाळी कमलबाईंनी देवापुढं दिवा लावला, तुळशीपाशी पणती ठेवली आणि सवयीनं बाहेर आल्या. भिंतीवर नुसती भोकं. गल्ली काळीठिक्कर. खाली मात्र, हावगेप्पाच्या गल्लीत, पिवळे दिवे लागले होते. खालच्या गल्लीला नवे दिवे मिळायचे राहिले होते ना, म्हणून तिथं जुनंच बटण होतं आणि ते रोज वेळेवर दाबलं जात होतं. ते बघून कमलबाई तशाच आत गेल्या, तुळशीपाशी ठेवलेली पणती पदराआड घेतली आणि चालू लागल्या. आप्पारावांनी कुठं निघालीस म्हणून विचारलं, तर हात जोडायला, म्हणाल्या.

हावगेप्पाच्या दारात त्याच्या आई, सिद्धम्मा, पायरीवर बसल्या होत्या. वयानं कमलबाईंपेक्षा मोठ्या, अंगानं बारीक, आणि गावात त्यांच्याबद्दल कुणाला वाईट बोलता यायचं नाही अशा. कमलबाईंनी पणती त्यांच्या पायरीच्या कडेला ठेवली, खालच्या गल्लीतल्या खांबाकडं बघून हात जोडले, आणि म्हणाल्या, "आमच्या गल्लीत हात जोडाया दिवा न्हाई अक्का. तुमच्या गल्लीतल्याला जोडून जायलेय." एवढं बोलून त्या अंधारात परत गेल्या. पणती तिथंच राहिली.

आता दिव्याला कुणी फुंकर घालत नाही. मराठ्याच्या घरी घालत नाहीत, लिंगायताच्या घरी घालत नाहीत. दिव्याला विझवला असं म्हणतसुद्धा नाहीत. आणि दुसऱ्याच्या लेकीबाळींनी दारी आणून ठेवलेला दिवा असेल तर तो आपसूक शांत होईपर्यंत त्याच्याकडं पाठ फिरवायची नाही, अशी सिद्धम्मांची समजूत. त्या थंडीत पायरीवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पणती आली. तिसऱ्या दिवशी कमलबाईंबरोबर सावित्रम्माही आली, देवापुढचं निरांजन घेऊन. इतके दिवस जाब विचारणाऱ्या बाया अशा एकेक करून बाहेर पडल्या. कमलबाईंनी कुणाला बोलावलं नव्हतं. त्या पणती घेऊन जाताना या बाया दारादारांत उभ्या राहून बघत होत्या, तेव्हाच बायांना लाज वाटली असावी. हावगेप्पाची पायरी दिव्यांनी भरायला लागली. येणारेजाणारे थांबायचे, आज काय आहे मेंबरच्या घरी, म्हणून विचारायचे. हावगेप्पा आतून चिडायचा, पण आईच्या देखत पणतीला पाय लावायची त्याची छाती नव्हती.

सिद्धम्मांनी लेकाला विचारलं तेव्हा त्यानं तेच उत्तर दिलं, ठेकेदाराचं काम आहे, होईल. अंधार आहे तरी किती मोठा, बाया उगाच तमाशा करायल्यात. संध्याकाळी दिवे ठेवून बाया परतायला लागल्या तशा सिद्धम्मा उठल्या, कमलबाईंचीच पणती पदराआड घेतली आणि मी तुझ्यासंगं येते, म्हणाल्या. कमलबाईंनी नको म्हणून पुष्कळ सांगितलं. सिद्धम्मांनी ऐकलं नाही. "बघू दे की मला. माझ्या पोरानं काय करून ठेवलंय, बघू दे."

दोघी वरल्या गल्लीत शिरल्या. कमलबाईंनी त्यांचा दंड धरला होता. वळणावर वारा आडवा आला आणि पणती गेली. त्या दोन पावलांतच फुटकी फरशी होती. कमलबाईंच्या हातातून दंड निसटला आणि सिद्धम्मा नालीत पडल्या. पडताना ओरडल्याही नाहीत. कमलबाई गुडघे टेकून अंधारात चाचपडत त्यांचा हात शोधत राहिल्या आणि हाताला लागलं ते मनगट वाकडं झालेलं होतं. तेव्हा त्यांना रडू फुटलं. आपण हे काय केलं, असं त्यांना झालं, आणि त्याच दमात, आपण कुठं केलं, असंही झालं.

सिद्धम्मांना गाडीत घालून कल्याणच्या दवाखान्यात नेलं. जायच्या आधी हावगेप्पा कमलबाईंच्या दारात येऊन वाटेल ते बोलला. म्हातारीला अंधारात नेऊन पाडलं, म्हणाला. आप्पाराव पुढं झाले तर कमलबाईंनी त्यांना मागं ओढलं. मेंबरला अंधार आहे हे आज पहिल्यांदा कळलं होतं, तर त्याला ते पुरतं कळू द्यावं, असं त्यांना वाटलं.

सकाळी गल्लीत न्याहारी व्हायची होती तोवर ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर हजर. कलबुर्गीहून पहाटेच निघाला असणार. दिवाळीपासून ज्याला सवड नव्हती त्याला अंधारातच जाग आली. शिडी लावली, कुलूप उघडलं, आत हात घातला, चाक फिरवलं, आणि भर सकाळी जळणारे दिवे गल्लीभर एकदम बंद झाले. गुरुपादय्या म्हणाला होता तेवढाच वेळ लागला. कमलबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. या वेळी त्यांनी कुणाला चहा केला नाही. किल्ली तो माणूस हावगेप्पाच्या हातात देऊन गेला. वरातीमागून घोडं येतं ते ऐकलं होतं. हे तर मेंबरच्या आईला पाडून आलं होतं.

माउलीनं वर दिव्यांकडं बघितलं आणि पोरीला, जा, म्हणाला. स्नेहानं खुंटीवरची पिशवी ओढली आणि पळतच फाट्यावर गेली. दिवसभर कमलबाईंचं कशात लक्ष नव्हतं. दुपारी त्या सावित्रम्माबरोबर कल्याणला जाऊन सिद्धम्मांना बघून आल्या. हाताला पट्टी बांधून त्या पडून होत्या. कमलबाईंनी त्यांच्या पायाला हात लावला, तर सिद्धम्मांनी तो हात धरून ठेवला आणि लाइट आली का, एवढंच विचारलं. सकाळीच माणूस येऊन चाक फिरवून गेला म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीच हावगेप्पा वरल्या गल्लीत येऊन उभा राहिला, बरोबर चार माणसं. एकाच्या हातात फोन, फोटो काढायला. किल्ली तो बोटाभोवती फिरवत होता. ओट्याओट्यावर लोक जमले. मग डब्यातून खट्ट आवाज आला आणि दिवे लागले, सगळे एकदम, फाट्यापासून कमलबाईंच्या दारापर्यंत. किती महिन्यांनी गल्ली गल्लीसारखी दिसली. सगळ्यांचे हात जुळले. हावगेप्पानं ते जुळलेले हात बघितले आणि ते आपल्यालाच आहेत असं समजून मान हलवली.

तेवढ्यात वळणावरून स्नेहा येताना दिसली. एवढ्या उजेडात तिचा चेहरा लांबूनच वाचता येत होता. ती आजीजवळ येऊन थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, हजेरी कमी पडली. परीक्षेला बसू देत न्हाईत. म्हणले, पुढच्या वर्षी ये." माउली बाजूलाच उभा होता. तो खाली बघायला लागला.

हावगेप्पाला हे ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो हसतमुखानं पुढं झाला. "झालं का न्हाई, कमलक्का? उशीर झाला, पर काम झालं की."

कमलबाई ओट्यावरून खाली उतरल्या आणि त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"व्हय, झालं की. लाइट या डब्यात बंद होती, तुझ्या आईचा हात मोडला तवा तुला किल्ली घावली. आता माझ्या नातीचं वरीस कुठल्या डब्यात ठेवलंयस ते सांग. त्याची बी किल्ली आण."

फोनवाल्यानं फोन खाली घेतला. हावगेप्पा काहीतरी म्हणायला गेला, कॉलेजातल्या कुणाशी बोलतो, बघूया, असं काहीसं. बघूया म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं आणि तो मधेच थांबला. कमलबाईंनी तळहात पुढं केला. त्यांना काय पाहिजे ते समजायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्यानं डब्याची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. ठेकेदाराची हमी, पंचायतीचा नियम, कुणाला काही आठवलं नाही. पाऊस आला, वीज जायला लागली की घड्याळ पुन्हा मागं पडणार होतं, आणि चाक फिरवायला पुन्हा कुणी यायचं नव्हतं, हे तिथल्या पोरासोरांनाही कळत होतं.

कमलबाईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली. मग माउलीकडं वळून म्हणाल्या, "उदगीरच्या पाव्हण्यास्नी कळीव, पोरगी कॉलेजात हाय." माउलीनं मान हलवली. त्यांनी स्नेहाच्या खांद्यावरची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि तिला घेऊन घरात गेल्या.

बाहेर दिवे लख्ख जळत होते. त्या संध्याकाळी कमलबाईंनी त्यांना हात जोडले नाहीत.